‘मोबदला’ म्हणू नका, आणि ‘भरपाई’ही जपून म्हणा

गोव्यातल्या डिचोलीच्या एका वाचकाने एका दमात तीन प्रश्न विचारले आहेत. त्यांचा भाचा मोटारसायकल पायलट, म्हणजे दुचाकीवरून भाड्याने प्रवासी नेणारा. खनिजाच्या टिपरची धडक बसून त्याचा पाय कायमचा अधू झाला. अपघात न्यायाधिकरणात दावा लावला, निकाल लागला, आणि एका दैनिकाने मथळा दिला: ‘जखमी पायलटला मोबदला मंजूर’. तर ‘नुकसानभरपाई’ जोडून लिहायचं की तोडून? ‘मोबदला’ चालतो का? आणि ‘हलगर्जीपणा’ व ‘निष्काळजीपणा’ यांत फरक काय?

जोडून लिहा. नुकसानाची भरपाई, सरळ समास आहे.

‘मोबदला’ अजिबात चालत नाही, आणि हे मी किती जणांना किती वेळा सांगायचं? अरबी ‘मुबादला’ म्हणजे अदलाबदल. बदल, बदली, बदला ही सगळी त्याच घराण्यातली मंडळी. मोबदला मिळायचा तर आधी आपलं काहीतरी समोरच्याच्या पदरात पडलेलं असावं लागतं. मोपाच्या विमानतळासाठी पेडण्यात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना मिळाला तो मोबदला, मग तो पुरेसा असो वा नसो. जमीन सरकारच्या नावे झाली, पैसे मालकाच्या. पायलटने टिपरवाल्याला पाय विकला होता का? तो पाय घेऊन टिपरवाला काय करणार आहे? मथळा लिहिणाऱ्याला एवढं सुचू नये याचं नवल वाटतं. तरी हे ‘मुआवजा’पेक्षा बरं म्हणायचं. तो हिंदी वाहिन्यांवरून आता आपल्या बातम्यांतही शिरलाय. त्याच्या मुळाशी अरबी ‘इवज’ आहे, म्हणजेच आपला ‘ऐवज’ आणि ‘ऐवजी’. शब्द नात्यातलाच, पण घरात ऐवज असताना उसना कशाला आणायचा?

कायदासुद्धा अदलाबदल करत नाही, हे त्या निकालातच दिसलं असेल. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने न्यायाधिकरणाला न्याय्य रक्कम ठरवायला सांगितलं आहे. ती ठरवताना पायाचा भाव काढत नाहीत, बुडालेली कमाई मोजतात. वर्षाची कमाई किती, अपंगत्वामुळे त्यातली किती घटली, आणि त्याला वयाप्रमाणे गुणक, म्हणजे त्या घटीला ज्याने गुणायचं तो आकडा. सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली सरला वर्मा खटल्यात हा गुणकांचा तक्ता पक्का केला: 21 ते 25 वयाला 18, 31 ते 35 ला 16, 46 ते 50 ला 13. वय वाढेल तसा आकडा खाली. वर उपचारांचा खर्च, यातनांबद्दल वेगळी रक्कम. अपंगत्वाचं प्रमाणही नुसतं डॉक्टरच्या दाखल्यावरून घेत नाहीत, त्या माणसाच्या धंद्यावर काय परिणाम झाला ते बघतात. पाय गेलेला कारकून आणि पाय गेलेला पायलट यांचा हिशेब म्हणूनच एक नसतो. जेवढा खड्डा पडला तेवढी माती टाकायची. क्रिया भरण्याची आहे, म्हणून शब्द भरपाई.

आणि आता खरी गंमत. भरपाई म्हणजे मुळात पैसे नव्हेतच!

‘भरपाई’त भरणे आहे हे कुणालाही दिसतं. ‘पाई’ काय आहे? फोंड्याचे एक निवृत्त मास्तर मला दर भेटीत ऐकवतात की पाई म्हणजे पै, रुपयातलं जुनं बारीक नाणं. पै न पै भरली ती भरपाई. ऐकायला गोड आहे, म्हणूनच खोटं आहे. मराठीत नाण्याला आपण ‘पै’ म्हणतो. पैपैचा हिशेब. मग भरपाईतच तिची पाई कशी झाली? मास्तरांकडे उत्तर नाही, पण मत ठाम आहे.

ही पाई ‘पावणे’ची. संस्कृत प्राप्, प्राकृतात पाव, मराठीत पावणे, म्हणजे मिळणे, पोचणे. देव पावतो तो हाच. कोंकणीत ‘हांव घरा पावलों’ म्हणतो तेव्हाही हाच. पैसे पावले म्हणून लिहून द्यायची ती ‘पावती’. आणि सगळेच्या सगळे पावले म्हणून लिहून द्यायची ती ‘भरपाई’. हिंदीतही ‘भर पाना’वरून तोच शब्द, तोच अर्थ: पूर्ण रक्कम मिळाल्याची रसीद. जुन्या धाटणीचं कुठलंही खरेदीखत काढा, शेवटाकडे ओळ सापडेल: ‘सदर रक्कम भरून पावली, तक्रार नाही.’ भरून पावली, भरपाई. वैतागलेला माणूस ‘भरून पावलो!’ म्हणतो, तो नकळत पावतीच फाडत असतो: पुरे, मिळालं सगळं, आता काही मागणं नाही.

म्हणजे भरपाई करणारा मुळात पैसे देणारा नव्हे, घेणारा. ‘भरपाई करून दिली’ असं आपण म्हणतो, त्यातलं ‘करून दिली’ माझ्या मते त्या कागदाबद्दल आहे. खरेदीखत करून दिलं, मृत्युपत्र करून दिलं, तशी भरपाई करून दिली. पुढे कागद विसरला आणि रक्कम उरली. हा माझा तर्क आहे. कुणी खोडून दाखवावा, पण नाणं काढून नव्हे.

पोर्तुगिजांच्या कायद्यात या कागदाला ‘कितासांव’ म्हणतात. तो लॅटिन ‘क्विएतुस’वरून आला, म्हणजे शांत, निवांत. पैसे मिळाले की मागणारा गप्प. आपला शब्द त्याची भरलेली ओंजळ बघतो, त्यांचा शब्द त्याचं मिटलेलं तोंड.

हे नुसतं शब्दांचं कौतुक नाही. तडजोडीने पैसे देताना विमा कंपनी डिस्चार्ज व्हाउचर पुढे करते. रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट, त्यावर आडवी सही, आणि वर बारीक टायपात लिहिलेलं असतं की संपूर्ण व अंतिम रक्कम मिळाली, यापुढे कसलाही हक्क नाही. ही खरी, अस्सल भरपाई. लोक चेकचा आकडा बघतात आणि तिच्यावर न वाचता सही ठोकतात. भाच्याला सांगा, आकडा नंतर बघ, आधी भरपाई वाच.

‘नुकसानभरपाई’ टाकून ‘क्षतिपूर्ती’ लिहा म्हणणाऱ्यांना काय सांगावं? डिचोलीच्या बाजारात उभं राहून कुणी ‘माझी क्षती झाली’ म्हणत असेल तर मला दाखवा. ‘लुकसाण’ म्हणणारे हवे तेवढे भेटतील. नुकसान अरबी आहे म्हणून टाकायचं तर मग ‘दावा’ही टाका, तोही अरबीच. आणि ‘फिर्याद’ फारसी, तीही टाका.

फिर्यादीचं नाव निघालं म्हणून सांगतो, वार्ताहर इथेही घोळ घालतात. अपघातानंतर पोलिसांत देतात ती फिर्याद. न्यायाधिकरणात भरपाईसाठी लावतात तो दावा. कुकर फुटून हात भाजला आणि कुकरवाल्याला जबाबदार धरायचं, तर ग्राहक आयोगात करतात ती तक्रार. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूसाठी बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्यालाही जबाबदार धरायची सोय करून ठेवली आहे. तीन दारं, तीन शब्द. या तिन्हींना ‘नुकसानभरपाईचा गुन्हा दाखल’ म्हणणाऱ्या बातमीदारावर काय दाखल करावं ते मला कळत नाही.

राहिला हलगर्जीपणा. त्यातली ‘गरज’ अरबी ‘गरज’च, असं मला वाटतं; हिंदीत बेपर्वा माणसाला ‘अलगरज’ म्हणत. कामाची गरज स्वतःला नाही असं वागणारा तो हलगर्जी. म्हणून माणूस स्वतःच्या तब्येतीबाबत निष्काळजी असतो, पण हलगर्जीपणा करतो तो नेमून दिलेल्या कामात. ब्रेक न तपासता टिपर रस्त्यावर काढणारा मालक हलगर्जी. मोबाइल बघत गाडी हाकणारा ड्रायव्हर निष्काळजी. दाव्याच्या अर्जात दोन्ही लिहा, वकील हरकत घेणार नाही.