ईव्ही बुक करताना रंग, बॅटरी, व्हेरियंट बदलला तर गाडी लवकर मिळते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सेल्सवाला म्हणतो, 'हा रंग आणि ही बॅटरी घेतली तर दोन आठवड्यांत गाडी, तुम्हाला हवी तीच पाहिजे तर तीन महिने थांबा.' हे खरं असतं, की यार्डातली पडून असलेली गाडी तो गळ्यात मारतोय?

दोन्ही असू शकतं. तुम्ही निवडलेली गोष्ट कारखान्यात ठरते की शोरूममध्ये, हे आधी बघा. बॅटरी, मोटर, रंग, काचेचं छत, आतल्या सीटचा रंग हे सगळं कारखान्यातच ठरतं आणि नंतर बदलता येत नाही. मॅट, डॅशकॅम, मडफ्लॅप, पीपीएफ (रंग जपणारी पारदर्शक फिल्म) ही शोरूमची कामं. त्यांनी फार तर दोन-तीन दिवस वाढतात. म्हणून 'अ‍ॅक्सेसरीचं पॅकेज घ्या, नंबर वर घेतो' असं कोणी म्हणालं तर एवढंच समजा, की त्याच्याकडे येणारी गाडी आधी कोणाला द्यायची हे त्याच्या हातात आहे. कारखान्याचं वेळापत्रक त्याच्या हातात नाही.

आपल्याकडे ऑप्शन सुटे फारसे मिळत नाहीत, व्हेरियंटमध्ये बांधून येतात. त्यामुळे सगळ्यात मोठा फरक व्हेरियंट पाडतो, विशेषतः गाडी नवी बाजारात आलेली असताना. चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई यांचं उदाहरण घ्या. १४ फेब्रुवारी २०२५ ला बुकिंग उघडलं आणि पहिल्याच दिवशी ३०,१७९ गाड्या बुक झाल्या. पण डिलिव्हरीचं वेळापत्रक कंपनीने पॅकप्रमाणे (महिंद्रा या गाड्यांच्या व्हेरियंटला 'पॅक' म्हणते) आधीच जाहीर केलं होतं: सगळ्यात महाग पॅक थ्री मार्चच्या मध्यापासून, पॅक थ्री सिलेक्ट जूनपासून, पॅक टू जुलैपासून आणि पॅक वन ऑगस्टपासून. म्हणजे पहिल्या मिनिटाला पॅक वन बुक करणाऱ्यालाही ऑगस्टच्या आधी गाडी मिळणार नव्हती, मग रंग कुठलाही घ्या. कंपन्या महागडं व्हेरियंट आधी काढतात, कारण त्यात नफा जास्त असतो आणि सुरुवातीला एकाच प्रकारच्या गाड्या काढल्या की लाइनवर गोंधळ कमी होतो. नवीन मॉडेल घेताय तर आधी विचारा, 'या व्हेरियंटचं उत्पादन सुरू झालंय का?' नसेल, तर बाकीची चर्चा फुकट.

बॅटरीचं गणित वेगळं. सेल बहुतेक बाहेरून येतात, त्यांचे बॅटरी पॅक इथे जुळवतात; कुठल्या आकाराचे किती पॅक लागतील याचा अंदाज कंपनीला काही महिने आधी बांधावा लागतो. अंदाज चुकला की एका आकाराला रांग लागते आणि दुसऱ्याच्या गाड्या यार्डात उभ्या राहतात. म्हणून दोन्ही आकारांची वेटिंग विचारून घ्या, पण निव्वळ लवकर मिळते म्हणून लहान बॅटरी घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. महिंद्राच्या याच गाड्यांतल्या ५९ आणि ७९ केडब्ल्यूएचमधला (एक केडब्ल्यूएच म्हणजे विजेचं एक युनिट) फरक २० केडब्ल्यूएचचा. हायवेवर एका केडब्ल्यूएचला सहा किलोमीटर धरले तरी तो साधारण पुणे ते साताऱ्याएवढा होतो, आणि गाडी असेपर्यंत तो रोज जाणवेल. थांबायचं ते बॅटरीसाठी, तडजोड करायची ती रंगात.

रंगावरून वेटिंग का बदलते? पेंट शॉपमध्ये रंग बदलताना नळ्या आणि स्प्रे गन धुवाव्या लागतात. म्हणून शक्यतो एका रंगाच्या गाड्या एकत्र काढतात. पांढरा सारखा चालू असतो, कमी खपाच्या रंगाला पुरेशा ऑर्डरी जमेपर्यंत थांबावं लागतं. छत काळं आणि बाकी गाडी दुसऱ्या रंगाची असेल, तर मास्किंग करून रंगाची आणखी एक फेरी होते. पांढऱ्याचा आणखी एक फायदा म्हणजे, कोणी बुकिंग रद्द केलं तर ती गाडी पांढरी असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, आणि ती तुमच्याकडे येऊ शकते. साटिन (कमी चमकणारा) रंग आवडत असेल तर वेटिंगपेक्षा पुढचं बघा: त्याला पॉलिश चालत नाही, ओरखडा पडला की अख्खं पॅनेल रंगवायचं.

आयात गाडीत हे जास्तच जाणवतं. टेस्लाची मॉडेल वाय जुलै २०२५ मध्ये भारतात आली तीच शांघायमध्ये बनून. अशा गाडीत तुमचा रंग आणि इंटिरियर आलेल्या खेपेत नसेल, तर पुढचं जहाज. उलट सेल्फ-ड्रायव्हिंगसारखं सॉफ्टवेअरचं पॅकेज घेतलं-न घेतलं तरी डिलिव्हरीत एका दिवसाचा फरक पडत नाही.

काही वेळा मात्र काहीही निवडा, गाडी अडतेच. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ खनिजं आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवाने लावले. ही चुंबकं ईव्हीच्या मोटरमध्ये लागतात. अशा टंचाईत मोटरच अडते, तिथे रंग बदलून काय होणार!

बुकिंगनंतर निवड बदलायची असेल तर चेसिस नंबर अलॉट होण्याआधी बदला, आणि बुकिंगची मूळ तारीख कायम राहील का हे ईमेलवर लिहून घ्या. बऱ्याचदा ती राहत नाही आणि तुम्ही रांगेच्या शेवटी जाता. फोनवर 'गाडी कधी येईल?' विचारलं की 'पुढच्या आठवड्यात' हेच ऐकायला मिळतं. त्याऐवजी 'चेसिस नंबर द्या' म्हणा. नंबर नाही म्हणजे तुमच्या नावावर अजून गाडीच नाही. किंमत साधारणपणे बिलाच्या दिवशीची लागते, आणि बँकेच्या सँक्शन लेटरला (कर्जमंजुरीच्या पत्राला) मुदत असते, हेही लक्षात ठेवा. पाडवा-दसऱ्याचा मुहूर्त धरायचा तर गाडी आठवडाभर आधी शोरूममध्ये पोचलेली हवी. त्या दिवसांत पीडीआय (डिलिव्हरीआधीची तपासणी) आणि रजिस्ट्रेशनलाही रांग असते.

'लगेच मिळणारी' गाडी घेत असाल तर पैसे भरण्याआधी फॉर्म २२ वर (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचं कंपनीचं प्रमाणपत्र) उत्पादनाचा महिना-वर्ष बघा. टायरवरचा चार आकडी कोडही बघा: २३२५ म्हणजे २०२५ चा २३वा आठवडा. बरेच महिने उभ्या असलेल्या ईव्हीत १२ व्होल्टची छोटी बॅटरी आधी दगा देते, ती तपासून किंवा बदलून मागा. मागच्या वर्षीची गाडी असेल तर सूट घेतल्याशिवाय सही करू नका. विकताना समोरचा उत्पादनाचं वर्षच विचारतो.

चार्जरचा ऑप्शन लोक सगळ्यात शेवटी बघतात आणि अडकतात तिथेच. ७.२ किलोवॅटचा चार्जर सिंगल फेजवर सुमारे ३२ अँपिअर ओढतो, ११.२ किलोवॅटला थ्री फेज लागतो. सोसायटीची एनओसी, महावितरणकडून लोड वाढवणं, मीटरपासून पार्किंगपर्यंतची केबल यात काही आठवडे सहज जातात. तेवढ्यात गाडी येऊन उभी राहिली तर १६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर ३ किलोवॅटने ५९ केडब्ल्यूएच भरायला वीस तास. लोडचा अर्ज बुकिंगच्याच दिवशी टाका.