आजींची 'मशीद' दुरुस्त करू नका

प्रश्न आलाय तो असा : अलिबागकडच्या एका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातल्या, आजी आपल्या प्रार्थनास्थळाला 'मशीद' म्हणाल्या. ही चूकच ना? मग मराठीत योग्य शब्द कोणता?

चूक आजींची नाही, त्यांना दुरुस्त करणाऱ्यांची आहे. 'ज्यूंचं चर्च', 'यहुदी मंदिर' असलं काहीबाही छापून येतं तेव्हा कुणी हूं की चूं करत नाही. समाजाच्या स्वतःच्या शब्दावर मात्र लगेच लाल शाई! सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला 'शाआर हारहमीम', म्हणजे दयेचं द्वार, हे प्रार्थनास्थळ बांधलं. समाजात ती 'जुनी मशीद'. पुढे दुसरं उभं राहिलं ती 'नवी मशीद'.

'शेजारच्या मुसलमानांचा शब्द उचलला', एवढं सांगून बहुतेक जाणकार थांबतात. कोकणात शब्द त्याच वाटेनं आला, हे खरं. पण तो मुळात कुठला? हिब्रू-अरबीच्या कुळातल्या अरामी भाषेत स-ग-द हा धातू आहे. अर्थ वाकणं, दंडवत घालणं. बायबलमधल्या दानीएलाच्या ग्रंथात तिघे तरुण राजाच्या सोन्याच्या मूर्तीपुढे लोटांगण घालायला नकार देतात, तिथलं क्रियापद हेच. आणि नाईल नदीतल्या एलेफंटाइन बेटावर ज्यू शिपायांची वसाहत होती. इ. स. पूर्व पाचव्या शतकातल्या तिथल्या अरामी कागदांत शपथ घेताना 'मसगदा' हा शब्द येतो! अरबी 'मस्जिद' याच कुळातला. म्हणजे इस्लामच्या हजारएक वर्षं आधी ज्यूंच्या तोंडी असलेला शब्द फिरत फिरत कोकणातल्या ज्यूंकडे परत आला. मला याहून सुंदर प्रवास माहीत नाही.

मस्जिद रेल्वे स्थानकाचं नावही या जुन्या मशिदीवरूनच पडलं असं समाजात सांगतात, आणि मी त्याच बाजूचा आहे. सॅम्युअल स्ट्रीट तिथून हाकेच्या अंतरावर आहे. 'मशीद म्हणजे मुसलमानांचीच' हे आधीच ठरवून टाकणाऱ्या पंडितांनी तो रस्ता एकदा पायी चालून पाहावा.

राहिला 'सिनेगॉग', ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचा रूढ शब्द. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ एकत्र आणणं, जमवणं. हिब्रूत 'बेथ कनेसेत', जमण्याचं घर. त्यातलं 'कनेसेत' हेच इस्रायलच्या संसदेचं नाव. 'देऊळ' आलं देवकुलावरून, म्हणून इथे तो शब्द तोकडा पडतो. इथे घर जमणाऱ्यांचं. दहा प्रौढ पुरुषांचा मिन्यान, म्हणजे कोरम, भरल्याशिवाय परंपरेनुसार कद्दिश ही प्रार्थना म्हणता येत नाही, इमारत कितीही देखणी असो. दिवेकरांच्या आधी बेने इस्रायलांकडे इमारत नव्हतीच. घराघरांत जमून 'शेमा' ही प्रार्थना म्हणणारा समाज तेवढा होता. पुढे कारभारी नेमले तेही आपल्याच गावगाड्यातले : मुकादम, चौगुला, काजी. पुण्याच्या 'ओहेल दाविद'ला लोक लाल देऊळ म्हणतात, पण 'ओहेल' म्हणजे तंबू! आता बरेच जण इस्रायलला गेले, आणि कोकणात कितीतरी ठिकाणी दहा जण जमवणं कठीण झालंय.

तेव्हा लेखात 'सिनेगॉग' लिहा, नपुंसकलिंगी चालवा : ते सिनेगॉग. आजींच्या तोंडची 'मशीद' मात्र तशीच राहू द्या.