चार हजारांचे बूट, अकरा टन ऊस

“मॅडम, आमच्या मुलाला कशाची किंमतच नाही हो.”

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या छोट्या खोलीत हे वाक्य दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकू येतं. बोलणारे बहुतेक पस्तिशी-चाळिशीतले. कुणी जावळी-पाटणकडून आलेल्या माथाडी कामगाराचा मुलगा, कोपरखैरण्याच्या एका खोलीत सात माणसांत वाढलेला. कुणी मुरबाडकडची, जिचे आईबाप दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचे. आज घर स्वतःचं आहे, हप्ते चालू आहेत, मुलं चांगल्या शाळेत आहेत. तरी ताटात टाकलेल्या घासावरून, हरवलेल्या पेन्सिलीवरून, चालू राहिलेल्या पंख्यावरून घरात रोज वादावादी. आम्ही कशातून वर आलो ते या पोरांना कळणार कधी, आणि कळवायचं कसं, हा त्यांचा प्रश्न.

या प्रश्नावर मला एका बाबांची गोष्ट सांगायची आहे. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, नाव घेत नाही.

वय अडतीस. ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत चांगल्या हुद्द्यावर. पहिला फोन त्यांच्या बायकोने केला होता. घडलं होतं ते असं: दहा वर्षांच्या मुलाने रात्री अर्धी पोळी टाकली. बाबा काही न बोलता उठले, कचऱ्याच्या डब्यातून ती पोळी काढली, तिला चिकटलेली कांद्याची सालं झटकली आणि मुलाच्या ताटात ठेवली. “खा.” मुलाने खाल्ली. रडला नाही, उलट बोलला नाही. त्यानंतर मात्र बाबा घरात असताना तो जेवायला बसेना. शाळेतून आला की आईकडे मागून पाचलाच जेवून घ्यायचा आणि रात्री भूक नाही म्हणायचा.

“मी चुकलो की तो, एवढंच सांगा,” समोर बसल्या बसल्या ते म्हणाले.

“तुम्ही चुकलात,” मी म्हटलं.

समुपदेशकाने बाजू घेऊ नये असं आम्हाला शिकवतात. पण लेकराला कचऱ्यातलं खायला लावल्यावरही गोलगोल बोलत राहणं मला जमत नाही. आणि त्यांनाही ते ठाऊक होतं. नाहीतर शनिवारची सुट्टी सोडून ऐरोलीहून लोकल पकडून ते आलेच नसते.

पहिल्या दोन भेटी रागावर गेल्या. राग चढायला लागला की अंगात काय होतं, ताटावरून उठून आधी गॅलरीत जायचं, पाणी प्यायचं, मग बोलायचं. याचा उपयोग झाला, नाही असं नाही. घरातला आवाज उतरला. मुलगा मात्र पाचलाच जेवत राहिला.

तिसऱ्या भेटीत बुटांचा विषय निघाला. मुलाला फुटबॉलचे बूट हवे होते. बाबांनीच हौसेने दुकानात नेऊन चार हजारांचे घेऊन दिले. घरी येईपर्यंत गप्प. मग दोन दिवसांनी बूट पावसात बाहेर राहिले, तेव्हा घर डोक्यावर घेतलं. मी विचारलं, “दुकानातून घरी येताना मनात काय चाललं होतं?”

ते बराच वेळ टेबलाकडे बघत बसले. मग म्हणाले, “अकरा टन.”

मला कळेना. त्यांनी हिशोब मांडला. ऊसतोडीचा दर जानेवारी २०२४ च्या करारात ठरला तो टनाला ३६६ रुपये. चार हजारांचे बूट म्हणजे अकरा टन ऊस. नवरा-बायकोचा एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो. म्हणजे दोन माणसांचे साडेपाच दिवस. “मला कुठलीही किंमत आधी टनात दिसते मॅडम. कॉफी, टॅक्सी, मुलाची सहल. मग रुपयात.”

हे गृहस्थ बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड घरातले. दसरा-दिवाळी झाली की मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली बिऱ्हाडं गाड्यांत बसून कोल्हापूर-सांगलीकडच्या कारखान्यांवर जायची, ती कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, की मार्च-एप्रिलात परत. मधले पाच-सहा महिने उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. बरोबर नेलेल्या पोरांचं नाव गावच्या शाळेच्या पटावर राहायचं आणि पोर फडात असायचं. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस होतं त्यांनाच एखाद्या पोराला गावी मागे ठेवता यायचं. यांच्या घरी आजी होती. आजीजवळ एकाच पोराला पुरेल एवढं दाणापाणी होतं. मागे ठेवलं ते यांना. तीन वर्षांनी मोठी असलेली आक्का आईबापाबरोबर गेली. तिची शाळा तिसरीत सुटली.

मी विचारलं, “टनाचा आजचा दर तुम्हाला कसा माहीत?”

“आक्का सांगते. ती अजून कोयत्यावर जाते.”

त्या दिवशीची वेळ संपून गेली होती, पुढचे लोक बाहेर थांबले होते, तरी मी त्यांना उठू दिलं नाही.

ऑफिसात ते सांगत, वडील शेतकरी होते. मुलाला सांगितलं होतं, आत्या गावी शेती बघते. रबाळ्याच्या बाजूला सकाळी मजूर नाका भरतो, दुष्काळाच्या वर्षी तिथे मराठवाड्याची माणसं वाढतात, म्हणून गाडी घेतल्यापासून ते तो रस्ता टाळून लांबून जात. गावाकडच्या कुणी ओळखलं तर? आणि ओळखून हात केला, तर शेजारी बसलेल्या मुलाला काय सांगायचं?

या घरात गरिबीबद्दल कधीच बोलणं झालं नव्हतं. ती फक्त बाबा चिडले की बाहेर यायची. ‘आम्हाला हे मिळत नव्हतं’ हे वाक्य मुलाने ऐकलं होतं ते प्रत्येक वेळी वरच्या पट्टीत आणि त्याच्या काही ना काही चुकीनंतर. त्याला त्यातून एवढंच समजलं होतं की बाबांचं लहानपण त्याला मारायला वापरतात. तुलनेने मूल कृतज्ञ होत नाही, ते एक तर ओशाळतं नाहीतर ऐकणं बंद करतं. माझ्या कामात याला अपवाद मी पाहिलेला नाही.

एक गोष्ट आईवडिलांच्या बाजूनेही सांगायला हवी. ज्याने लहानपणी उपास काढलेत त्याला टाकलेलं अन्न पाहून जे होतं, ते नुसतं तत्त्व नसतं. छातीत धडधडतं, हात गार पडतात. जुनी भीती असते ती, आणि पगार कितीही वाढला तरी ती अंगातून जात नाही. म्हणून अशा माणसाला ‘आता कशाला एवढं मनाला लावून घेता’ म्हणणं मला क्रूर वाटतं.

पोळीचं मूळ पाचव्या भेटीत सापडलं. ते सात वर्षांचे असताना आजी आजारी पडली, म्हणून त्या साली त्यांनाही फडावर नेलं. रात्री तीनला गाडी भरायला आईबाप गेले की कोपीत ही दोघंच. दहा वर्षांची आक्का तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापायची. एकदा अर्धी भाजलेली भाकरी उलटताना राखेत पडली. पीठ तेवढंच होतं. आक्काने ती उचलली, फुंकली, पदर नव्हता म्हणून परकराने पुसली आणि स्वतःच्या बाजूला ठेवली. दुसरी, चांगली, त्यांना दिली. “दातात राख करकरत होती तिच्या. मला ऐकू येत होतं. मी माझ्यातली अर्धी दिली नाही मॅडम. मला भूक होती.”

सात वर्षांचं पोर. पण एकतीस वर्षं तो आवाज त्यांच्या कानात होता, आणि त्या रात्री राखेतली ती भाकरी त्यांनी आपल्या मुलाच्या ताटात ठेवली होती.

मी त्यांना दोन गोष्टी करायला सांगितल्या. पहिली, मुलाची माफी. नेमक्या त्या पोळीची, आणि ‘पण’ न जोडता. ‘चुकलो, पण तूही अन्न टाकत जाऊ नको’ ही माफी नव्हे. दुसरी, भाकरीची ही गोष्ट त्याला सांगायची, मात्र कुणीही चिडलेलं नसताना, जेवणाच्या वेळी तर नाहीच, आणि शेवटी ‘म्हणून तू’ असं काही न म्हणता.

माफी त्यांनी दुसऱ्याच दिवशी मागितली. गोष्ट सांगायला तीन आठवडे लागले. एका रविवारी ऐरोलीच्या खाडीकडे फ्लेमिंगो बघायला गेले असताना, उन्हात वाट बघत बसल्या बसल्या निघाली. मुलाने एकच विचारलं: “आत्या शेती करते असं का सांगितलंस?” बाबा म्हणाले, “लाज वाटायची.” “आत्याची?” यावर ते काही बोलू शकले नाहीत.

त्यानंतर बाबांच्या डोक्यात आलं, मुलाला फड दाखवायचा. मी हात आखडता घ्यायला लावला. दुसऱ्यांचं कष्टाचं जगणं आपल्या पोराला धडा म्हणून दाखवायला नेऊ नये, मग ते सख्ख्या बहिणीचं का असेना. आधी आक्काला विचारा, म्हटलं. आक्काचं उत्तर फोनवर असं आलं: “आण की. पर शाळा बुडवून आणू नको.”

मग प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्टी आली तेव्हा गेले. मुलाने उसाची मोळी उचलून पाहिली, हलली नाही. वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्याकडच्या पानांच्या, कडांनी त्याच्या हातावर ओरखडे उठले. आणि कोपीसमोर जेवताना त्याने, सगळ्यांच्या देखत, आत्याला विचारलं की तुला शाळेत का नाही ठेवलं. बाबांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज पार बसला होता. आक्का म्हणाली, “तुजा बाप बारका व्हता. फडात बारकी पोरं मरत्यात.” एवढंच. मग तिने ताटात आणखी भाकरी वाढली.

इतकी वर्षं ते समजत होते की आपण मुलगा म्हणून आपल्याला ठेवलं. तेही असेल, मी ते नाकारत नाही, आपल्याकडे ते असतंच. पण आक्काच्या मनात हिशोब वेगळा होता, आणि तो त्यांनी तिला कधी विचारलाच नव्हता.

परत आल्यावर त्यांना आक्काची सगळी उचल एकदम फेडून टाकायची होती. अपराधी वाटणारी माणसं असाच घाईने मोठा चेक फाडायला बघतात. मी पुन्हा तेच म्हटलं: तिला काय हवंय ते विचारा. तिला पैसे नको होते. तिच्या धाकट्या मुलीला सोळावं लागलं होतं आणि घरात लग्नाची बोलणी सुरू झाली होती. ऊसतोडीत कोयता म्हणजे जोडी, एकट्याला उचल कमी, म्हणून पोरांची लग्नं लवकर उरकतात. आक्काचंही पंधराव्या वर्षी उरकलं होतं. तिशीतच तिची गर्भपिशवी काढली. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या अशा शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये गदारोळ झाला, सरकारने समिती नेमली, तेव्हा भावाने बातमी वाचली होती आणि तरी बहिणीला विचारायचं धाडस केलं नव्हतं. आक्काचं मागणं एवढंच होतं की भावाने यावं आणि दाजींशी बोलावं. ते गेले. तीनदा गेले. मुलगी आता अकरावीला आहे, ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासनाने संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहं काढली आहेत, त्यातल्या एकात राहते.

हे सगळं व्हायला आठ महिने लागले. मधे राग परतला होता, एकदा मुलावर हात उगारला गेला, त्या रात्री त्यांनी मला मेसेज केला आणि आम्ही दुसऱ्या दिवशी भेटलो. असं होतं, सरळ चढत जाणारी वाट नसते ही. तुमच्या घरी हात उठत असेल, झोप उडाली असेल, स्वतःला संपवावंसं वाटत असेल, तर पुढच्या सुट्टीची वाट बघू नका. १४४१६ या, टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरवर दिवसा-रात्री केव्हाही मोफत बोलता येतं, मराठीतही.

मुलगा आता रात्री सगळ्यांबरोबर जेवतो. अधूनमधून पोळी टाकतोही, दहा-अकरा वर्षांचंच पोर आहे. बाबा ती उचलून स्वतःच्या ताटात घेतात.

शेवटच्या भेटीत ते म्हणाले, बूट लहान झाले. दुकानात मुलाने किंमत बघितली आणि विचारलं, “बाबा, हे किती टनाचे?”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“सांगवेना. म्हटलं, आत्यालाच फोन लाव.”

दुकानातूनच लावला. आक्काने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “घे की बाळा. पाय वाढला तर काय अनवाणी फिरतू का?”