ड्यूक घराण्याच्या कागदांना हात लावण्याआधी
अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमच्या ड्यूक (हे आडनाव, पदवी नव्हे) या उद्योजक घराण्याच्या कागदपत्रांवर काम सुरू करतेयस, तर आधी एवढं ऐक: गठ्ठ्यांचा मूळ क्रम मोडू नकोस. बेंजामिन ड्यूक यांच्या पत्रव्यवहारात तंबाखू, कापडगिरण्या आणि ट्रिनिटी कॉलेजला (पुढचं ड्यूक विद्यापीठ) दिलेल्या देणग्या शेजारी शेजारी येतात. 'घरगुती' आणि 'धंद्याचं' अशी वाटणी केलीस की माणूसच हरवतो.

सगळ्यात जास्त जीव लाव तो पत्रांच्या नकलवह्यांना, म्हणजे पाठवलेल्या पत्रांच्या प्रती ठेवलेल्या वह्यांना. पान कांद्याच्या सालीसारखं पातळ, शाई मागून फुटलेली. कोपरा धरून उचलू नकोस. खाली जाडसर कागद सरकव, मगच उलट. गंजलेल्या टाचण्या ओढायच्या नाहीत, हळूच सोडवायच्या.

ड्यूकांची अमेरिकन टोबॅको कंपनी १८९० ची. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मोडायला लावली. त्या वर्षांतलं साधं चिटोरंही टाकू नकोस.