बिल आलं की आधी रुपये नको, युनिट बघा

एप्रिल-मे आला की आपल्या सदराकडं येणाऱ्या प्रश्नांत निम्मे तरी बिलाचे असतात. यावेळी त्यातलेच चार घेतलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय कारण तो सगळ्यांच्याच कामाचा आहे.

ताई, दर महिन्याला हजार-बाराशे बिल यायचं, यावेळी एकदम चार हजारांच्या वर. आम्ही दोघंही नोकरीला, मीटर घरात, दिवसा कुलूप. शेजारचे काका म्हणतात 100 युनिटच्या वर एक जरी गेलं की सगळेच युनिट महागाच्या दरानं धरतात. खरंय का? — एक वाचक, नाशिक

दादा, काकांचं हे म्हणणं खरं नाही, पण घराघरात हेच सांगितलं जातं म्हणून आधी तेच बघू. महावितरणचे घरगुती स्लॅब आहेत 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढं. तुमचे 101 युनिट झाले तर पहिले 100 पहिल्याच दराने आणि फक्त एक युनिट पुढच्या दराने, बस्स. म्हणजे 100 पार झालं म्हणून रात्री पंखा बंद करून घामाघूम झोपायची काही गरज नाही.

आता तुमचं बिल. रकमेकडं सध्या बघूच नका, मागील रीडिंग आणि चालू रीडिंगच्या रकान्यात बघा. मागच्या दोन-तीन बिलांवर चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी लॉक्ड (घर बंद) किंवा आरएनए (रीडिंग मिळालं नाही) असं काही छापलंय का? तुमच्या घराला दिवसा कुलूप असतं म्हणताय म्हणजे माझा अंदाज तोच आहे. रीडिंग मिळालं नाही की सरासरीवर बिल येतं, आणि ती सरासरी आधीच्या महिन्यांची म्हणजे थंडीतली, पंखे बंद असतानाची. इकडे तुम्ही उन्हाळ्यात पंखा कूलर सगळं लावलेलं, तो फरक मीटरमध्ये साठत राहतो आणि ज्या महिन्यात खरं रीडिंग मिळतं त्या महिन्यात सगळा एकदम अंगावर येतो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये राज्यभर हेच झालं होतं, मार्चच्या शेवटी रीडिंग घेणं थांबलं, मधली बिलं थंडीच्या सरासरीवर गेली आणि जूनमध्ये खरं रीडिंग आल्यावर लोकांचे डोळे पांढरे झाले.

अशा साठलेल्या बिलात दोन गोष्टी तपासायच्याच. एक, युनिट महिन्यांत वाटून मग स्लॅब लावलाय का. समजा तीन महिन्यांचे मिळून 360 युनिट निघाले, तर महिन्याला 120 झाले, म्हणजे 300 युनिट पहिल्या दराने आणि 60 दुसऱ्या. न वाटता एकाच महिन्यात टाकले तर फक्त 100 पहिल्या दराने, 200 दुसऱ्या आणि 60 थेट तिसऱ्या दराने, केवढा फरक पडतो बघा. आणि दोन, मधल्या महिन्यांत सरासरीचं बिल म्हणून जे भरलं ते वजा केलंय का. यातलं काही चुकलं असेल तर मीटरचा फोटो आणि मागची बिलं लावून लेखी तक्रार करा, पोच घ्या, तिथं नाही सुटलं तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. आणि इथून पुढं दर महिन्याला ठरलेल्या तारखेला रीडिंगचा फोटो काढून ॲपवरून स्वतःच पाठवत जा, मीटर घरात असणाऱ्यांनी तर हे करायलाच हवं.

आणि हो, युनिटच्या दरासोबत स्थिर आकार, वहन आकार म्हणजे वीज घरापर्यंत आणण्याचे पैसे, कधी इंधन समायोजन म्हणजे इंधनाच्या वाढीव खर्चाची वसुली आणि वर 16 टक्के वीज शुल्क असतं, त्यामुळे नुसता युनिट गुणिले दर केला तर बिल कधीच जुळणार नाही.

ताई, यंदा एसी घ्यायचाय पण बिलाची धास्ती वाटते. आधीच अंदाज कसा काढू? — एक वाचक, परभणी

एक युनिट म्हणजे 1000 वॅट एक तास. 2000 वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट, रोजचा धरला तर महिन्याला 30. पंखा साधा असेल तर 75 वॅटच्या आसपास, तीन पंखे रोज दहा-दहा तास म्हणजे सव्वादोन युनिट, महिन्याला साधारण 67! दिसायला किरकोळ पण मला विचाराल तर एसीच्या आधी पंखे बदला, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा 30-35 वॅटमध्ये भागवतो.

एसी आणि फ्रिजला मात्र वॅट गुणिले तास करू नका, काँप्रेसर मध्येमध्ये बंद होतो. त्यांच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. फ्रिजचे बारानं भागा. एसीचा आकडा 1600 तासांचा असतो म्हणून त्याला 1600 नं भागा. समजा 1040 लिहिलंय, तर तासाला 0.65, रात्री आठ तास लावला तर 5.2 आणि महिन्याला 156 युनिट. आता हे तुमच्या नेहमीच्या युनिटमध्ये मिळवा आणि बघा कुठल्या स्लॅबमध्ये जाताय. परभणीच्या उन्हात दुपारी पण लागणार, तेव्हा तास प्रामाणिकपणे धरा.

सिलेंडर सोडून पाइपचा गॅस घेतला. पूर्वी सिलेंडर 45 दिवस जायचा, आता बिलावर एससीएम लिहून येतं, ते जास्त आहे की बरोबर हे कळतच नाही. — एक वाचक, ठाणे

ताई, एससीएम म्हणजे घनमीटर. सिलेंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो, त्याच्याइतकी उष्णता पाइपच्या साधारण 18 एससीएम मधून मिळते. 45 दिवसांना एक सिलेंडर म्हणजे 60 दिवसांना सव्वा ते दीडच्या मधे, म्हणजे 24 च्या आसपास. दोन महिन्यांच्या बिलावर 22 ते 26 दिसलं तर निश्चिंत राहा. 35-40 दिसलं तर आधी बघा रीडिंग खरं आहे की अंदाजे धरलंय, अंदाजे असेल तर पुढच्या खऱ्या रीडिंगला फरक मिटतो. स्वतः रीडिंग पाठवताना फक्त काळे आकडे लिहा, लाल आकडे दशांशाच्या पुढचे असतात, ते धरले की शेकड्यांचे हजार होतात आणि बिल बघून छातीत धस्स होतं. आणि रीडिंग खरं असून आकडा मोठा असेल तर मात्र थांबू नका, रात्री शेगडी बंद करून काळे-लाल सगळे आकडे लिहून ठेवा, सकाळी चहाच्या आधी बघा. हलले असतील तर गळती आहे, मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात न लावता बाहेर जाऊन इमर्जन्सी नंबरला फोन करा.

वीजबिलासोबत सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल आलंय, भरायचं का? — एक वाचक, सातारा

भरायचं, ते खोटं नाही. 2021 पासून ठेव दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी धरतात, वापर वाढला की ठेवही वाढते. तिच्यावर व्याज मिळतं, ते बिलात वळतं होतं, कनेक्शन बंद केलं की ठेव परत मिळते. पावती फक्त जपून ठेवा, घर विकताना शोधाशोध होते.