बोटॉक्सचा रेट युनिटवर बरा की एरियावर?

प्रश्न असा आहे: बेळगावातल्या एका क्लिनिकनं कपाळ आणि भुवयांमधल्या आठ्यांच्या बोटॉक्सला (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) ३५० रुपये युनिट, म्हणजे औषधाच्या ताकदीच्या मापावर, सांगितलं, दुसऱ्यानं त्याच दोन जागांचे मिळून १२,००० फिक्स सांगितले, आणि गालाच्या फिलरला (कातडीखाली भरायचा जेल) दोघांचे रेट सिरिंजवर. यात लुटतंय कोण?

कदाचित कुणीच नाही. पण बाटलीवर नाव कुठलं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळा हिशेब तिथूनच सुरू होतो. टिळकवाडीतल्या एका स्किन क्लिनिकच्या काउंटरवर बसून हे रेट मीच सांगायचे. त्यामुळे "लुटतात" हा शब्द दिसला की मला गप्प बसवत नाही. आमच्या घरात हा शब्द भर पंगतीत निघालेला आहे.

निपाणीच्या माझ्या धाकट्या नणंदेनं मुलाच्या साखरपुड्याआधी आमच्याकडे भुवयांमधल्या आठ्या करून घेतल्या. आमचा रेट एरियावर होता, त्या जागेचे ६,५००. डॉक्टरांनी कार्डावर लिहिलं, बोटॉक्स २० युनिट. पाच ठिकाणी सुई, दहा मिनिटांत काम संपलं, आणि दोन आठवड्यांनी बाई आरशापुढून हलेना. "वैनी, तुमच्या डॉक्टरांचा हात सोन्याचा" असं तिनं स्वतः मला फोनवर सांगितलंय. हे लक्षात ठेवा, कारण ती आता नाकारते.

मग लग्न आलं. कोल्हापूरची विहीण, विहिणीची बहीण, आणि त्या बहिणीनंही हेच करून घेतलेलं. बायका बोलता बोलता आकड्यांवर आल्या. तिकडे रेट १४० रुपये युनिट. माझ्या नणंदेनं मसालेभाताच्या पानावर बसल्या बसल्या भागाकार केला: ६,५०० भागिले २०, म्हणजे ३२५. कोल्हापुरात १४०, बेळगावात ३२५. तेवढ्यावर भागलं असतं, पण त्या बाईनं मोबाईलवर आपल्या कार्डाचा फोटो दाखवला आणि त्यावर ५० युनिट लिहिलेलं. झालं! "वैनी, तिला पन्नास दिलेत की! मला तुमच्या डॉक्टरनं वीसच टोचले. घरच्या माणसालासुद्धा सोडलं नाही तुम्ही?" आमच्या ह्यांची बहीण, पण हे मान खाली घालून मठ्ठा पीत बसले.

मी तो फोटो मोठा करून बघितला. कार्डावर बाटलीचं स्टिकर चिकटवलेलं होतं (चांगलं क्लिनिक, मान्य करते) आणि त्यावर डिस्पोर्ट. बोटॉक्स नव्हे. दोन्ही बोट्युलिनम टॉक्सिनच, नसेकडून स्नायूला जाणारा निरोप अडवायचं कामही एकच, पण दोघांचं युनिट वेगळं. भुवयांमधल्या आठ्यांना बाटलीसोबतच्या कंपनीच्या कागदावरच बोटॉक्सचे २० युनिट आहेत आणि डिस्पोर्टचे ५०. एकाचं युनिट दुसऱ्याच्या जागी धरू नका, असंही त्या कागदांवर स्पष्ट छापलेलं असतं. एका सराफानं भाव तोळ्यावर सांगितला, दुसऱ्यानं ग्रॅमवर, आणि आकडा लहान म्हणून आपण ग्रॅमवाल्याला साव ठरवलं, तसला हा प्रकार. आता गुणाकार करा: ५० गुणिले १४० म्हणजे ७,०००. कोल्हापूरची बाई ५०० रुपये जास्त देऊन आली होती. जायचं-यायचं पेट्रोल वेगळं.

हे मी पंगतीतच सांगितलं. कुणी ऐकलं नाही. हिशेब बरोबर असला तरी काउंटरवरच्या बाईनं सांगितला की तो खोटाच वाटतो लोकांना.

आता तुमच्याकडे येते. दोन्हीकडे औषध बोटॉक्सच असेल असं धरू. कपाळ आणि भुवया मिळून कंपनीच्या कागदावर ४० युनिट आहेत, २० आणि २०. युनिटवाल्याचे झाले १४,०००, म्हणजे फिक्सवाला स्वस्त. पण कपाळावर बरेच डॉक्टर हात आखडता घेतात, कारण तिथं जास्त पडलं की भुवया जड होऊन खाली येतात. एकूण ३० युनिटांत भागलं तर युनिटवाला १०,५०० मध्ये सोडेल आणि फिक्सवाला तेच १२,००० घेईल. म्हणून दोघांनाही एकच विचारायचं: माझ्या चेहऱ्याला अंदाजे किती युनिट लागतील? चेहरा हलवून बघितल्याशिवाय फोनवर आकडा देणाऱ्याकडे जाऊ नका.

मला विचाराल तर एरियाचा रेट बरा, आणि हे मी नोकरी सोडल्यानंतरही म्हणते. युनिटचा रेट ऐकायला प्रामाणिक वाटतो, पण सुईत किती युनिट आहेत ते तुम्हाला दिसतं का? १०० युनिटची बाटली म्हणजे तळाला पावडरीचा नुसता थर. त्यात अडीच मिली सलाईन घातलं की ०.१ मिलीत ४ युनिट येतात, पाच मिली घातलं की २. बाहेरून दोन्ही पाण्यासारखंच. जास्त पातळ करणं ही काही फसवणूक नव्हे, डॉक्टर कारणानं करतात. पातळ करून जुन्याच मापानं मोजणं ही फसवणूक. एरियावाल्याला तुमच्या आठ्या जाऊन दाखवाव्या लागतात, नाहीतर पंधरा दिवसांनी तुम्ही परत दारात. मात्र तो टच-अप, म्हणजे राहिलेलं परत टोचणं, रेटमध्ये धरलाय का, हे आधीच विचारा. आमच्याकडे धरलेला असायचा.

एरियाच्या रेटमध्ये एक अन्यायही आहे. बारीक चणीच्या बाईला कमी औषध लागतं आणि जाड भुवयांच्या पुरुषाला जास्त, पैसे दोघांचे सारखे. पुरुष गिऱ्हाईक आलं की आमचे डॉक्टर तोंड वाकडं करायचे ते यासाठीच.

बेळगावात रेट मुंबईच्या निम्मा का नसतो, हेही लोक विचारतात. इथं भाडं कमी, मग? बाटली सगळीकडे त्याच एमआरपीची, आणि गिऱ्हाईक इथं कमी. कालवलेली बाटली कंपनीच्या कागदाप्रमाणे फ्रीजमध्ये ठेवून २४ तासांत संपवायची. फ्रीजमध्ये काही आठवडे चालते असं मानणारे डॉक्टरही पुष्कळ आहेत, तो वाद त्यांचा त्यांनी घालावा. आमचे डॉक्टर हुबळीहून यायचे आणि ताजीच वापरायचे, म्हणून मी सगळ्यांना एकाच शनिवारी बोलवायची. एक बाई आली नाही की उरलेलं औषध गेलं. ती नासाडी रेटमध्ये असतेच. "शनिवारीच या" म्हटलं तर चिडू नका, उलट ते चांगलं लक्षण समजा.

फिलरचं गणित सोपं आहे आणि धोका मोठा. सिरिंज बहुतेक १ मिलीची, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. त्यात दोन्ही गाल भरून येतील असं वाटत असेल तर आधीच मनाची तयारी करा. एकाच कंपनीचा ओठाचा जेल वेगळा, गालाचा घट्ट जेल वेगळा, त्यामुळे "सिरिंज २०,०००" एवढ्यावरून काही कळत नाही. जेलचं नाव विचारा, खोकं तुमच्यासमोर फोडायला सांगा, स्टिकर कार्डावर लावून घ्या. अर्धी सिरिंज अर्ध्या पैशात मिळते म्हणाले तर उरलेली अर्धी कुणाला टोचणार ते विचारा. आणि हायलुरोनिडेज जवळ ठेवता का, हेही. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरते, क्वचित डोळा जातो, अशा वेळी हायलुरॉनिक ॲसिडचा जेल विरघळवायला ते तिथल्या तिथं लागतं. ज्याच्याकडे ते नाही त्याच्याकडे फुकट मिळालं तरी नको. बोटॉक्सला असलं विरघळवणारं औषध नाही, तीन-चार महिन्यांनी आपोआप उतरतं, मग परत पैसे.

जीएसटी विसरू नका. सौंदर्यासाठी केलेल्या कामाला उपचाराची सूट नाही, मी काउंटरवर होते तेव्हा १८ टक्के लागायचा. १२,००० चे १४,१६० व्हायचे. आता किती लावतात ते विचारून घ्या. आमच्याकडे सगळ्यात जास्त भांडणं ह्या शेवटच्या ओळीवरून व्हायची. छोट्या क्लिनिकची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असेल तर ते लावत नाहीत, तेव्हा तुलना करताना दोघांचाही शेवटचा आकडा घ्या.

आणि रेट विचारायला लाजू नका. कर्नाटकाच्या २००७ च्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्यात दर लोकांना कळतील असे लावायला सांगितलेत. त्याच कायद्याच्या दुरुस्तीवरून नोव्हेंबर २०१७ मध्ये सुवर्ण विधानसौधात अधिवेशन चालू असताना राज्यभरचे डॉक्टर बेळगावात येऊन बसले होते, आठवत असेल. आमच्या क्लिनिकमध्ये बोर्ड कानडीत, बिल इंग्रजीत आणि भांडण मराठीत. वाचता आला नाही तर वाचून दाखवा म्हणायचं. ते काउंटरवरच्या बाईचं कामच आहे.

एक राहिलं. मला पगाराशिवाय वर थोडं मिळायचं, पण ते फिलरच्या पॅकेजवर, बोटॉक्सवर नव्हे. नणंदेला मी फिलर सुचवलंसुद्धा नव्हतं. नाकापासून ओठापर्यंतच्या घड्यांचं तिनं आपणहून विचारलं होतं, तेव्हा मीच "तुला कशाला की" म्हटलं होतं. हेही ती नाकारते.

दोन्हीकडे बाटलीचं नाव, अंदाजे युनिट आणि करासकट आकडा विचारा आणि इथं खाली लिहा. गुणाकार मी करून देते.