दर रविवारी गटारी

प्रिय मावशी,
मी 41 वर्षांची, सुदामा नगरात राहते, शाळेत शिकवते. गेल्या दिवाळीपासून दर सोमवारी डाएट सुरू करते. फ्रिजवर चार्ट लावलाय, दिवस नीट गेला की टिक. शनिवारपर्यंत सहा टिका होतात. रविवारी सकाळी हे पोहे-जलेबी घेऊन येतात, सासूबाई म्हणतात, ‘एकीने काय होतंय गं?’ मी एक खाते आणि वाटतं, आजचा दिवस तर गेलाच. मग दुपारी कचोऱ्या, रात्री मुलांबरोबर सराफ्याच्या खाऊगल्लीत, आणि घरी आल्यावर ओट्याशी उभी राहून शेवेचा डबा. सोमवारी काट्यावर दीड किलो जास्त. चार्ट फाडते, दिवसभर नुसत्या ताकावर राहते, नवा कागद लावते. माझ्यात जिद्दच नाही का?
– सोमवारवाली, इंदूर

सोमवारवाली,

दिवसभर ताकावर राहून शाळेतल्या पोरांना शिकवणाऱ्या बाईला जिद्द नाही, असं म्हणायची माझी तरी छाती नाही.

तुझं डाएट मला उपासासारखं दिसतंय. उपासाचा कायदा आपल्याला लहानपणापासून पाठ. चुकून भाताचं शीत तोंडात गेलं की मोडला. आणि मोडलाच आहे, तर मग वरण-भात, तूप, लोणचं, सगळंच येऊ दे. देवाशी बोललेली गोष्ट असते, तिथे ते ठीक आहे. चरबीचा हिशेब मात्र वाण्याच्या वहीसारखा चालतो. एक जलेबी नेलीस तर तो एकच मांडणार. ‘उधारी झालीच आहे, तर आता सगळं दुकान बांधून द्या’ असं तू त्याला कधी म्हटलं आहेस का?

आता ती वही उघडू. समज, सोमवार ते शनिवार तू रोज गरजेपेक्षा 400 कॅलरी कमी खाल्ल्यास. सहा दिवसांच्या 2400 झाल्या. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. रविवारच्या एका मध्यम जलेबीच्या 150 धर. तरी 2250 शिल्लक, म्हणजे पाव किलोहून जास्त चरबी गेली, जलेबी खाऊनसुद्धा. पण त्यानंतरच्या दोन कचोऱ्या, भुट्ट्याचं (मक्याचं) कीस, तळलेला गराडू कंद, रबडी घातलेला मालपुआ आणि वर शेवेचा डबा मिळून दोन-सव्वादोन हजार सहज होतात. आठवडा खाल्ला तो त्यांनी. जलेबी बिचारी उगाच बदनाम.

हे तुझ्या एकटीचंच नाही. 1975 साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलींना आधी मिल्कशेक पाजलं आणि मग आइसक्रीमची चव बघायला बसवलं. एरवी मोकळेपणी खाणाऱ्या मुलींनी पोट भरल्यामुळे आइसक्रीम कमी खाल्लं. नेहमी हात आवरून खाणाऱ्यांनी मात्र मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्लं. ‘मोडलाच आहे तर’ हे अमेरिकेतल्या पोरींनाही सुचतं, त्याला एकादशी लागत नाही.

काट्यावरच्या दीड किलोचं सांगते. तेवढी चरबी एका रात्रीत चढायला गरजेपेक्षा साडेअकरा हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील. सराफ्यात रात्री बारापर्यंत उभी राहिलीस तरी ते जमायचं नाही. मैदा-साखरेतला काही भाग शरीर ग्लायकोजेन म्हणून, म्हणजे साखरेचा राखीव साठा करून, ठेवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. शेव आणि जीरावन मसाल्यातलं मीठ आणखी पाणी अडवतं. ते दोन-चार दिवसांत आपोआप उतरतं. तू मात्र सोमवारी ते पाणी बघून चार्ट फाडतेस, ताकावर राहतेस आणि ‘बघा, उतरलं’ म्हणतेस. नेहमीसारखं जेवूनही उतरलं असतं.

त्या ताकावरच माझा खरा राग आहे. सोमवारी कडकडीत राहायचं हे ठरलेलं असलं, की रविवार आपोआप गटारी होतो. उद्यापासून श्रावण, आजच खाऊन घ्या! लोक वर्षातून एकदा गटारी करतात, तू बावन्न वेळा करतेस. तेव्हा रविवारी काहीही झालं असो, सोमवारी पोळी-भाजी, वरण, कोशिंबीर, नेहमीचं जेवण जेवायचं. शिक्षा नाही म्हटल्यावर आदल्या रात्रीची घाईही हळूहळू जाते. पहिले दोन-तीन रविवार जाणार नाही, हेही सांगून ठेवते.

चार्ट राहू दे, फक्त चौकटी बदल. रोजच्या चार: नाश्ता, दुपारचं जेवण, चहाच्या वेळचं, रात्रीचं. आठवड्याच्या 28 झाल्या. जलेबीने त्यातली एक बिघडली, तीही पूर्ण नाही, बरोबरचे पोहे चांगलेच होते. आमच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढे घोकून घ्यायचे. तसं त्या चौकटीत पाव, निम्मं, पाऊण असं लिही. आणि 28 पैकी 27 मार्क मिळवणाऱ्या पोराचा पेपर तू वर्गात फाडतेस का, ते मला कळव.

मी स्वतः चहातली साखर तीनदा एकदम सोडली आणि तीनदा परत धरली. चौथ्यांदा दोन चमच्यांचा दीड केला, मग एक, आणि अर्ध्यावर यायला वर्ष लागलं. अजून अर्ध्यावरच आहे. लग्नकार्यात पूर्ण गोड पिते आणि घरी येऊन अर्ध्यावर येते, कुणाला पत्ताही लागत नाही.

सासूबाईंचं म्हणणं तसं खरंच आहे, एकीने काही होत नाही. त्यांना तेच सांग आणि एक घे, बशीत, बसून, पोह्यांबरोबर. सराफ्याला रिकाम्या पोटी जाऊ नकोस. वरण-भात खाऊन जा आणि एकच पदार्थ ठरवून जा. माझं मत विचारशील तर थंडीत गराडू, एरवी कीस, तेही मुलांबरोबर वाटून. मालपुआ पुढच्या खेपेला, सराफा कुठे पळून जात नाही.

शेवेच्या डब्याबद्दल मात्र गंमत नाही. हात थांबतच नाही असं वाटतं का? कुणी पाहू नये म्हणून ओट्याशी उभी राहतेस का? हे आठवड्यातून एकदा तरी, असं तीन महिने चाललं असेल, किंवा खाल्लेलं मुद्दाम उलटून टाकावंसं वाटत असेल, तर तो आजार असू शकतो, त्यावर उपचार आहेत आणि माझ्या सल्ल्याने भागणार नाही. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला हेच शब्द सांग. सरकारच्या टेली-मानसचा 14416 हा नंबरही आहे, बोलायला सुरुवात तिथूनही करता येते. त्याच खेपेत थायरॉइड आणि साखर तपासून घे.

बाकी, या रविवारी यजमानांना जलेबी पाव किलोऐवजी शंभर ग्रॅमच आणायला सांग. काटा पलंगाखाली ढकल आणि बुधवारी बाहेर काढ.

– मावशी